सापाची चुंबळ: जुनी दंतकथा बाईच्या बाजूने परत कशी लिहायची

दोन वर्षांमागं नवरात्राच्या आधी आमच्या बचत गटातल्या बायांनी ठरवलं, यंदा नुसता दांडिया नको, रोज एकीने एका देवीची गोष्ट आपल्या शब्दांत लिहून वाचायची. चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या चिठ्ठीत माहूरची रेणुकामाता निघाली. मी मराठीत एमए, त्यामुळे सगळ्यांना वाटलं हिला काय अवघड आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. एका रात्रीत सहा पानं लिहून काढली. त्यात रेणुका जमदग्नीसमोर उभी राहून जाब विचारायली, पुरुषप्रधान व्यवस्था काय, स्वातंत्र्य काय, एकेक डायलॉग असा की टाळ्याच पडाव्यात. सकाळी हिंगोलीकडच्या माझ्या मावशीला फोनवर वाचून दाखवलं. मावशी सत्तरीच्या पुढची, शाळा दुसरीपर्यंत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, "लई छान लिहिलंस बाई, पण ह्यात रेणुका कुठाय, ही तर तूच बोलायलीस." मग जरा थांबून म्हणली, "सापाची चुंबळ डोक्यावर घेऊन बाई रोज नदीवरून पाणी आणायली, अन् तुम्हाला नवल कशाचं, तर तिचं मन घडीभर चळलं ह्याचं?" (ज्यांनी डोक्यावर घागर घेतली नाही त्यांच्यासाठी, चुंबळ म्हणजे फडक्याची गोल गुंडाळी, घागर आणि टाळूच्या मधे ठेवतात.)

ती सहा पानं मी अजून फाइलला लावून ठेवलीत, काय करायचं नाही ते विसरू नये म्हणून. त्यानंतर ही गोष्ट मी चार वेळा परत लिहिली, मग वेरूळच्या घुश्मेची लिहिली, आता गटातल्या बाकीच्या जणी विचारायल्यात की नेमकं करायचं कसं, म्हणून हे सगळं एकदाच क्रमाने लिहून टाकते.

आधी गोष्ट कोणती घ्यायची

सीता-द्रौपदीपासून सुरुवात करू नका. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की आपण लिहायला बसलो की दुसऱ्यांचीच वाक्यं हातातून उतरतात. आपल्या घरात, आपल्या गावच्या जत्रेत ऐकलेली गोष्ट घ्या. मराठवाड्यात काय कमी आहेत का. तुळजापूरला भवानी कशी आली, तर कर्दम ऋषी वारल्यावर त्यांची बायको अनुभूती मंदाकिनीच्या काठी तप करत बसली होती, तिला कुकर नावाच्या दैत्याने त्रास दिला, तिनं हाक मारली म्हणून देवी आली. देवीचं सगळ्यांना माहिती, पण हाक मारणारी बाई कोण, तिचं लेकरू तेव्हा कुठं होतं, हे विचारलं की दहातल्या आठ जणी गप्प होतात. वेरूळच्या घृष्णेश्वराची गोष्ट तर दोन सख्ख्या बहिणींचीच आहे. सुदेहाला मूल नव्हतं म्हणून तिनं स्वतःच धाकट्या बहिणीचं, घुश्मेचं, आपल्या नवऱ्याशी लग्न लावून दिलं. घुश्मा रोज १०१ पार्थिव, म्हणजे मातीची, लिंगं करून तळ्यात सोडायची, तिला मुलगा झाला, आणि सुदेहाने त्या मुलाला मारून त्याच तळ्यात टाकलं. महादेव आले, मूल जिवंत झालं, घुश्मेने बहिणीसाठी माफी मागितली. आरतीत घुश्मा आहे. पण 'मूल नाही तर बहीण आण' हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं असेल, त्या घरात दोघींच्या चुली एक होत्या की वेगळ्या, हे मला कुणी सांगितलं नाही. असं काही खटकलं की समजा गोष्ट सापडली.

आणि हे आपण काही नवीन करायलोत असं समजू नका. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेनं गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नात गायची गाणी, रचले, म्हणजे देवाच्या लग्नाची गोष्ट एका बाईने आपल्या तोंडाने सांगितलीच की. जात्यावरच्या ओव्यांमधे सीतेच्या वनवासाची बाजू बायांनी पिढ्यान् पिढ्या लावून धरली. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्यात, बीडच्या माजलगावच्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्यासुद्धा त्यात आहेत. थोड्या ऐकाच, पण उतरवून घेऊ नका, नुसती सांगायची रीत कानात बसू द्या. ओवी गाणारी कधी भाषण देत नाही, ती सीतेला विचारते की बाई तुझ्या सोबत कोण आलं.

एकाच गोष्टीचे सगळे पाठ एका वहीत आणा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तरी सगळ्यात महत्त्वाची. माझ्या वहीत रेणुकेचे चार पाठ, म्हणजे तिच्या गोष्टीची चार वेगवेगळी रूपं, होते.

पहिला महाभारतातला, वनपर्वातला. रेणुका नदीवर गेली, तिथं चित्ररथ राजा आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करताना दिसला, तिचं मन क्षणभर तिकडं गेलं, ती ओली होऊन घरी आली आणि जमदग्नीला कळलं. चार मुलांना सांगितलं आईला मार, ते जागचे हलले नाहीत, बापाने शाप दिला, त्यांची शुद्ध हरपली आणि ते पशुपक्ष्यांसारखे होऊन बसले. पाचव्याने, परशुरामाने, परशू उचलला. बाप खूश झाला, वर माग म्हणाला. परशुरामाने आई जिवंत कर असं मागितलं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्याच दमात त्याने आणखी एक मागितलंय ते फारसं कुणी सांगत नाही. आईला या मारण्याची आठवण राहू नये.

हे वाचलं त्या दिवशी माझा स्वयंपाक करपला, खोटं नाही सांगत.

दुसरा पाठ माहूरचा. जमदग्नी मारला गेल्यावर परशुराम कावड घेऊन निघाला, एका पारड्यात बापाचं प्रेत, दुसऱ्यात जिवंत आई, आणि कोरी भूमी, म्हणजे जिथं आधी कुणाचं दहन झालेलं नाही अशी जागा, शोधत माहूरला आला. तिथं दत्तात्रेयांनी विधी केले, रेणुका सती गेली. परशुराम रडायला लागला तेव्हा आकाशवाणी झाली की आई जमिनीतून वर येईल, मागं वळून बघू नको. त्याने बघितलं. म्हणून मुखापुरतीच देवी वर आली आणि माहूरला आजही नुसता तांदळा आहे, शेंदराने भरलेला मुखवटा, धड नाही. तिसरा पाठ लोककथेतला, वाळूचा किंवा कच्च्या मातीचा घडा आणि सापाची चुंबळ. मन शुद्ध तोवर घडा टिकायचा, त्या दिवशी टिकला नाही. (ज्यांनी डोक्यावर घागर घेतली नाही त्यांच्यासाठी, चुंबळ म्हणजे फडक्याची गोल गुंडाळी, घागर आणि टाळूच्या मधे ठेवतात.) चौथा दक्षिणेकडचा, यल्लम्मा-मारिअम्माच्या कथांमधला. त्यात आईबरोबर आणखी एका बाईचं, गावकुसाबाहेरच्या बाईचं, डोकं उडतं आणि जिवंत करताना डोकी अदलाबदल होतात. त्या दुसऱ्या बाईवर एक वेगळीच गोष्ट होईल, पण ती लिहायचा हक्क आणि ताकद माझ्यात आहे का याचा मी अजून विचार करायले.

पाठ मांडून झाले की लाल पेनने खुंट्या ठरवा. खुंटी म्हणजे जी हलवायची नाही अशी घटना. माझ्या खुंट्या पाच: पाणी, मन चळणं, चौघांचं न हलणं, परशू, विसर. ह्या हलवल्या तर ती रेणुकेची गोष्ट उरत नाही, कुणी विचारलं तर उत्तरही देता येत नाही. मधली सगळी जागा मात्र आपली. बऱ्याच जणी इथंच चुकतात, शेवटच बदलून टाकतात, रेणुका निघून जाते वगैरे. वाचायला बरं वाटतं, पण ऐकणाऱ्या म्हातारीला पहिल्या मिनिटात कळतं की ही आपली गोष्ट नाही, आणि ती जपमाळ काढते.

बायांकडे जा, पण प्रश्नपत्रिका घेऊन जाऊ नका

मी पहिल्यांदा वीस प्रश्न टाइप करून नेले होते. मावशीच्या शेजारची काकू तिसऱ्या प्रश्नालाच म्हणली, "तुम्ही जनगणनेच्या हाव का?" दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा त्या तिघी-चौघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मीही सोलायला बसले. अर्ध्या तासात आपोआप पाण्यावर गाडी आली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं खाणं, कशी खायचो, विहिरीत उतरून वाटीने पाणी कसं भरायचो, दोन घागरी डोक्यावर आणि एक कळशी कमरेवर असताना मान कशी धरायची. मानेचं हे पुढं कामाला येणार आहे.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि विचारल्यावर फोन उलटा करून ठेवा, स्क्रीन दिसत राहिली की माणूस पुस्तकी बोलतं. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी गुड मॉर्निंग वाजतो. पंख्याखाली बसू नका, घरी येऊन ऐकलं की नुसती घरघर. कुणी नाही म्हणली तर नाही, घरी येऊन आठवेल तेवढं लिहा, आणि नाव-गाव लिहू नका. मला एक तास रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला आख्खा दिवस लागतो, तेव्हा सहा-सहा तास भरून आणू नका.

गोष्टीबद्दल थेट विचारण्यापेक्षा कामाबद्दल विचारा. "रेणुकेचं चुकलं का हो?" असं विचारलं तर सगळ्या हात जोडून आई जगदंबा म्हणतात आणि विषय संपतो. "कच्च्या घड्यात पाणी किती वेळ राहील?" असं विचारलं तर भांडण लागतं, आणि त्या भांडणातच गोष्ट असते. लातूरच्या एका वहिनीला मी २०१६ च्या एप्रिलबद्दल विचारलं होतं, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती तेव्हाचं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी, हे मला तोंडपाठ. वहिनीला वाघिणींचं काही आठवत नव्हतं, रात्री किती वाजता नंबर लागायचा आणि तेव्हा लेकरू कुणाजवळ ठेवायची ते मात्र मिनिटासकट आठवत होतं. बाईची बाजू म्हणतात ती हीच, आणखी काही वेगळी शोधायला जाऊ नका.

घरात गोंधळ घालायची रीत असेल तर गोंधळ्यांचं आख्यान बसून ऐका. रेणुराई गोंधळी माहूरच्या देवीचे, कदमराई तुळजापूरच्या. आणि ते कुठं जोर देतात, कुठं संबळ वाजवून पटकन पुढं जातात हे लिहून ठेवा. जिथं पटकन पुढं जातात तिथं आपण थांबायचं.

तिचा दिवस लिहा

एका कागदावर पहाट ते रात्र तास टाका आणि त्या बाईने काय केलं असेल ते भरा. गोष्टीत नसलेलं पण गोष्टीने नाकारलेलंही नाही असं. पाच मुलं, आश्रम, होमाची वेळ पाळणारा नवरा, म्हणजे पाणी यायलाच पाहिजे आणि वेळेवर यायला पाहिजे. घडा रोज नवा करायचा. म्हणजे कालच्या घड्याचं काय व्हायचं, तो विरघळायचा का, की दाराशी मातीचा ढीग साठायचा? मी तो ढीग ठेवला. लग्नापासूनच्या सगळ्या घड्यांची माती, पावसात वाहून जाणारी आणि परत साठणारी. हे कुठल्या ग्रंथात नाही, पण कुठल्या ग्रंथाला धक्काही लागत नाही.

ह्या कागदाला किमान दोन दिवस द्या. चांगला झाला तर निम्मी गोष्ट झाली.

सांगणार कोण

सगळ्यात जास्त डोकं इथं लावायचं. आपोआप सुचतं ते 'मी रेणुका बोलतेय'. पण रेणुकेला तर आठवतच नाही. मुलाने वरच तसा मागितलाय. म्हणजे ती स्वतःच्या तोंडाने सांगायला लागली तर तिला फक्त सकाळ सांगता येते, नदीपर्यंतची, आणि नंतर एकदम उठून बसल्यावरची. मधलं कोरं. मी आधी ह्याला अडचण समजत होते आणि तिसऱ्या ड्राफ्टपर्यंत टाळत होते, तिला स्वप्नं पडतात, अंधुक आठवतं असली पळवाट काढत होते. तसलं करू नका. खुंटी ती खुंटी.

मग विचार करा की ज्यांना आठवतंय त्या कोण. घाटावर रोज पाणी भरायला येणाऱ्या बाकीच्या बाया. आश्रमात धुणं-भांडी करणारी कुणी असेल तर ती. चित्ररथाच्या बायकांपैकी एखादी, तिनं पाण्यातून वर बघितलं असेल तर काठावरची ओली उभी बाई तिला कशी दिसली असेल? (ही कल्पना मला फार आवडली होती, पण मला राणीची भाषा येत नाही, सोडून दिली.) माहूरला गेलात तर डोंगरांकडे नीट बघा. एका शिखरावर रेणुका, एकावर दत्त, आणि एकावर अनसूया. त्या अनसूयेची गोष्ट तरी काय, तीन देव दारात येऊन नग्न होऊन वाढ म्हणाले आणि तिनं त्यांची तान्ही बाळं करून टाकली. म्हणजे समोरासमोरच्या दोन डोंगरांवर दोन बाया, दोघींची परीक्षा घेतलेली. अनसूयेने रेणुकेची गोष्ट सांगितली तर? कुणी लिहिणार असेल तर जरूर लिहा, मी वाचायला बसलेच आहे.

मी घाटावरच्या बाया घेतल्या, 'आम्ही' म्हणून बोलणाऱ्या. त्यातला तुकडा देते, म्हणजे कळेल मी काय म्हणायले:

"त्या दिवशी तिला उशीर झाला. रोज ती आमच्या आधी घाटावर असायची. वाळू भिजवून घडा वळायची तर बोटं अशी फिरायची जशी लेकराच्या पाठीवर. आमच्या घागरी भाजलेल्या, तिचा कच्चा, तरी कधी गळलेला बघितला नाही. त्या दिवशी तो तीनदा बसला. चौथ्यांदा बसला तेव्हा ती हसली. इतक्या वर्षांत आम्ही तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

नंतर काय झालं ते आमच्या सगळ्यांच्या कानावर आलं. चौथ्या दिवशी ती पुन्हा घाटावर आली, होती तशीच. खाली बसली, वाळू ओढली, मग मानेला हात लावून म्हणली, माझी मान कामून दुखायली गं? आम्ही एकमेकींकडं बघितलं. ओझ्यानं असल, म्हणलो."

बस, एवढंच. परशू मी दाखवलाच नाही. तो सगळे दाखवतात.

भाषेचं

कुणी म्हणतं पौराणिक गोष्ट म्हणजे 'हे नाथ' पाहिजे, कुणी म्हणतं आख्खी बोलीतच लिहा. माझा अनुभव असा की निवेदन साधं ठेवावं आणि बाया बोलतील ते त्यांच्या तोंडचं ठेवावं. पण बोली आणायची म्हणून प्रत्येक शब्द वाकडा करू नका, ते टीव्हीवरच्या गावरान बाईसारखं होतं. 'करायली', 'कामून', 'असल' एवढ्यावर काम भागतं. परभणीचं 'करायली' आणि लातूरकडचं 'करूलाली' एकाच बाईच्या तोंडात घालू नका, आमच्यात लगेच पकडतात. आणि वस्तूंची नावं पक्की ठेवा. घागर वेगळी, कळशी वेगळी, रांजण वेगळा. मी एका ड्राफ्टमधे घाटावर हंडा आणला होता, तांब्याचा हंडा डोक्यावर घेतलेली ऋषिपत्नी. मावशी हसून हसून दमली.

अत्याचार, अस्मिता, प्रतिकार असे शब्द पहिल्या ड्राफ्टमधे येतातच, येऊ द्या, दुसऱ्यात शोधून काढा. प्रत्येकाच्या जागी एखादं काम किंवा वस्तू बसते का बघा. नाही बसली तर तिथं आपल्याला अजून काही दिसलेलं नाही, एवढं समजायचं.

जमदग्नी आणि पोरं

बापाला राक्षस करू नका. राक्षसाच्या घरातली बाई काय करेल हे सगळ्यांना माहिती असतं, त्यात लिहिणारीचा कस लागत नाही. मी त्याला होमाची वेळ चुकली म्हणून दाराशी येरझारा घालणारा म्हातारा ठेवला, तसे म्हातारे आपल्या घरोघर आहेत. आणि परशुरामापेक्षा त्या चौघांवर वेळ घाला. ते आईला वाचवायला पुढं आले नाहीत आणि मारायलाही उठले नाहीत, नुसते उभे राहिले. आईने नंतर त्यांच्याकडं बघितलं तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं, पण त्यांना? परशुरामाने आपल्यालाही पाप लागू नये आणि भाऊ पहिल्यासारखे व्हावेत असंही मागून घेतलं होतं. भावांनी विसरावं असं मात्र मागितलं नाही. ह्या चौघांवर माझं दीड पान झालं आणि वाचनाच्या दिवशी पुरुष मंडळी तिथंच गप्प झाली.

वाचून दाखवताना

ही कुणाच्या तरी घरची कुलदेवता आहे हे लिहिताना एकदाही विसरायचं नाही. मी स्वतः दर वर्षी माहूरला जाते, तांबुलाचा प्रसाद आणते, आणि तरी हे लिहिलंय, त्यात मला काही विसंगत वाटत नाही. पण गर्दीसमोर वाचायच्या आधी दोन-तीन म्हाताऱ्यांना घरी बसवून वाचा. त्या कुठं चुळबुळ करतात, कुठं पदर डोळ्याला लावतात, कुठं "नाही बाई, असं नाही" म्हणतात त्या प्रत्येक जागी पेन्सिलने खूण करा. चुळबूळ केली तिथं कापा. 'असं नाही' म्हणल्या तिथं त्यांना कसं ते विचारा, बहुतेक वेळा पाचवा पाठ निघतो. वाचायला सुरुवात करताना एक वाक्य सांगा, ही माहूरची पोथी नाही, ही घाटावरच्या बायांनी बघितलेली गोष्ट आहे. माझ्या बाबतीत एवढ्याने भागलं. एक काका तरी उठून गेलेच, त्यांच्या बायको शेवटपर्यंत बसल्या.

मोठ्याने वाचायचं असेल तर पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका, मी घड्याळ लावून सात वेळा वाचली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची घाई नको, तुकडा तोडून फिरतो आणि मग फक्त भांडण उरतं. आणि ज्यांच्या ओट्यावर बसून आपण शेंगा सोलल्या त्यांना पहिल्यांदा ऐकवा, लांबच्या असतील तर फोनवर.

मी मावशीला शेवटचा ड्राफ्ट फोनवरच ऐकवला. मानेच्या वाक्याला तिकडून काही आवाज आला नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणली, "बरं झालं. पण पाणी उतरवल्यावर तो साप कुठं जायचा, ते लिहिलंच नाहीस की."

ते अजून लिहायचं राहिलंय.